चर्च निवडताना ‘सुशिक्षण’ का पाहायचं?

जालना किंवा सोलापूरहून नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबापुढे पहिल्याच रविवारी प्रश्न उभा राहतो: कोणत्या चर्चमध्ये जायचं? शहरात कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल अशी चर्चेस असतात, शिवाय एखाद्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्याही. बहुतेक जण आधी अंतर, भाषा, गाणी आणि ओळखीची माणसं पाहतात. त्यात गैर काही नाही. पण तिथे शिकवतात काय, हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

मराठी बायबलमध्ये योग्य शिकवणीसाठी ‘सुशिक्षण’ हा शब्द आहे. पौलाने तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत तो येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निरोगी’ शिक्षण असा आहे. ‘हायजीन’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे शिकवण बरोबर की चूक एवढंच पाहायचं नसतं, तिच्यामुळे माणूस धडधाकट राहतो की आजारी पडतो हेही पाहायचं असतं.

आजारी शिकवण कशी असते, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘फॅमिली रेडिओ’चे प्रमुख हॅरोल्ड कॅम्पिंग शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर होते. रेडिओवर ते श्रोत्यांच्या बायबलविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्यांनी एक हिशेब मांडला: नोहाचा जलप्रलय इसवी सनपूर्व ४९९० मधला, नोहाला मिळालेली मुदत सात दिवसांची आणि देवाचा एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणून ७००० वर्षांनी, २१ मे २०११ रोजी न्यायाचा दिवस. जगभर होर्डिंग लागली. काही अनुयायांनी नोकऱ्या सोडल्या, आयुष्यभराची बचत प्रचारात घातली. तो दिवस नेहमीसारखा उजाडला आणि मावळला. मग त्यांनी २१ ऑक्टोबर ही तारीख दिली, तीही गेली. २०१२ मध्ये त्यांनी लेखी माफी मागितली. याआधी १९९४ चा अंदाजही चुकला होता, हे विशेष.

तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ते ऐकवणारं कुणी श्रोत्यांजवळ का नव्हतं? कारण ‘चर्चचा काळ संपला, आपापली चर्चेस सोडा’ असं कॅम्पिंग काही वर्षं आधीपासूनच शिकवत होते. प्रचारकाला तपासणारी माणसंच दूर झाली होती.

सुशिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे. वक्ता कितीही प्रभावी असो, त्याचं बोलणं ताडून पाहायला त्याच्या बाहेरचं एक माप साध्या सभासदाच्या हाती राहतं. बायबल हे ते माप. त्याचा गाभा थोडक्यात सांगणारा नायसीन विश्वासांगीकार इसवी सन ३२५ मध्ये तयार झाला आणि ३८१ मध्ये विस्तारला: एकच देव, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेस हा गाभा मानतात.

बाकी अनेक गोष्टींत फरक चालतो. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी, यावर शतकानुशतकं वाद आहे. तरीही १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय स्थापन झालं, तेव्हा दोन्ही पद्धतींना जागा ठेवली गेली.

पण ‘इतकं दान द्या, दुप्पट मिळेल’ असा सौदा कुणी मांडला, तर सावध व्हावं. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारे तर थेट जिवाशी खेळतात. ज्या पत्रात पौल सुशिक्षणाबद्दल बोलतो, त्याच पत्रात तो तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता.

त्यामुळे नव्या ठिकाणी तीन-चार रविवार बसून ऐकावं आणि मंडळीची विश्वासविषयक भूमिका लेखी असेल तर मागून घ्यावी. उपासनेनंतर पाळकांना एखादा अवघड प्रश्नही विचारावा. उत्तर कसं मिळतं त्यावरून बरंच कळतं. बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाचं बोलणंही शास्त्रात रोज ताडून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्यांचं त्याबद्दल कौतुकच आहे.

मराठी मुलखात पंडिता रमाबाईंनी हेच केलं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्याविषयी शंका विचारायला सुरुवात केली. सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की त्यांनी चर्चचा अधिकार मानावा. भारतातल्या पुरोहितांच्या पकडीतून सुटल्यावर तसलंच दुसरं जोखड घेणार नाही, असं रमाबाईंनी पत्रातून कळवलं. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही. प्रश्नही सोडले नाहीत. पुढे केडगावला मुक्ती मिशन चालवताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत हे काम चालू होतं.