खिडकीतून रस्त्यावर

आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरांत, ओटीवरच्या भिंतीला, पणजोबांची एखादी तसबीर टांगलेली असते. डोक्याला पागोटे, खांद्यावर उपरण्याची घडी, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर अशी रोखलेली की, लहानपणी त्या ओटीवरून तिन्हीसांजेला एकट्याने जाण्याचा धीर होत नसे. घरातील वृद्ध माणसे मात्र सांगत की, पणजोबा मोठे गमती होते. पंक्तीला बसले की साऱ्यांना हसवून सोडीत. मग असा हसरा माणूस तसबिरीत एवढा कठोर का दिसावा? उत्तर शोधू लागलो तर ते पणजोबांच्या स्वभावात सापडत नाही. ते सापडते कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसविलेल्या काचेच्या भिंगात. माणसांच्या चित्रांत कोण दिसावे, कसे दिसावे आणि कोण मुळीच दिसू नये, हे या भिंगाने बराच काळ ठरविले आहे. त्या भिंगाचीच कथा आज सांगावयाची आहे.

हाती नवे भिंग आले की हौशी माणूस ते घेऊन हिमालयात जात नाही. तो ते घरातल्या खिडकीवर, अंगणातल्या तुळशीवर, स्वयंपाकात गुंतलेल्या आईवर रोखून पाहतो. ही खोड फार जुनी आहे. फ्रान्समधील निसेफोर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास जे चित्र टिपले, आणि जे कॅमेऱ्याने घेतलेल्या उपलब्ध चित्रांत सर्वांत जुने मानले जाते, ते त्याच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे आहे. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात टिपलेले व आजही टिकून असलेले चित्रही त्याच्या लेकॉक येथील घरातल्या जाळीदार खिडकीचेच. टपालाच्या तिकिटाएवढ्या त्या कागदावर खिडकीची तावदाने भिंगाखाली मोजता येत, एवढ्यानेच त्याला धन्य वाटले. टॅल्बट असले चिमुकले कॅमेरे घराभोवती मांडून ठेवी आणि त्याची पत्नी त्यांना थट्टेने उंदराचे सापळे म्हणे.

परंतु त्या पहिल्या चित्रांत एक चमत्कारिक उणीव होती. न्येप्सला आपले चित्र उमटविण्यास निदान आठ तास लागले असावेत. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. पुढे लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र घेण्याची युक्ती साधली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ती जगाला जाहीर करण्यात आली. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात पॅरिसचा एक हमरस्ता आहे. चित्र १८३८ मधले, वेळ दिवसाची. त्या रस्त्यावर गाड्या, घोडे आणि माणसे यांची ये-जा चालू असणार. चित्रात मात्र तो अगदी निर्मनुष्य दिसतो. भिंगातून येणारा प्रकाश इतका थोडा होता की, पत्र्यावर ठसा उमटण्यास काही मिनिटे लागत. आणि जो चालता होता तो तेवढ्या वेळात पुसला जाई. त्या साऱ्या गर्दीतून स्पष्ट उरला तो एक माणूस. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो कोपऱ्यावर उभा होता. स्वस्थ उभा राहिला म्हणून तो इतिहासात राहिला. त्याच्या पायाशी बसून झपाझप हात चालविणारा पॉलिशवाला मात्र एखाद्या डागासारखा पुसट दिसतो. जो काम करीत होता तोच अंधुक झाला! दागेरच्या भिंगाने कोणावर अन्याय करण्याचे योजिले नव्हते. पण त्याच्या मंद दृष्टीला निश्चल वस्तूच तेवढ्या दिसत.

पॅरिसमधील त्या घोषणेच्या वेळी व्हिएन्नाचे एक प्राध्यापक, आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन, तेथे होते. त्यांनी परतल्यावर ही अडचण आपला सहकारी योझेफ पेट्झव्हाल याच्यापुढे मांडली. पेट्झव्हालचा जन्म १८०७ चा, आज स्लोव्हाकियात असलेल्या एका गावचा. तो व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवी. त्या काळी भिंगे करणारे कारागीर अनुभवाच्या अंदाजाने काच घाशीत, पारखीत आणि पुन्हा घाशीत. पेट्झव्हालने ठरविले की, काचेला हात लावण्यापूर्वी प्रकाशाचा प्रत्येक किरण कागदावर चालवून पाहावयाचा. हे काम एकट्याचे नव्हते. तेव्हा ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या आर्चड्यूक लुडविग यांनी आकडेमोडीत तरबेज असे आपले काही तोफची त्याच्या दिमतीला दिले. तोफेचा गोळा कोठे पडेल याचे गणित करणारी ती माणसे आता प्रकाशाचा किरण कोठे पडेल याचे गणित करू लागली. १८४० मध्ये चार काचांचे एक भिंग कागदावर सिद्ध झाले आणि व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडर या जुन्या कारखान्याने ते पितळी नळीत बसवून दिले.

या भिंगाची थोरवी एका साध्या हिशेबात सांगता येते. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या तोंडाच्या व्यासाने भागले म्हणजे जो आकडा येतो, तो जितका लहान तितके भिंग प्रकाशाला उदार. दागेरच्या कॅमेऱ्यावरील भिंगाचा हा आकडा सुमारे १५ होता. पेट्झव्हालच्या भिंगाचा आकडा साडेतीनच्या किंचित पुढे. प्रकाश या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणून नवे भिंग जुन्याच्या सुमारे सोळा पट प्रकाश आत घेई. त्याच सुमारास पत्र्यावरील रसायनेही सुधारली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. आता माणसाला बसवून त्याचा चेहरा टिपता येऊ लागला.

तरीही सेकंद म्हणजे क्षण नव्हे. दहा-वीस सेकंद मान हलवावयाची नाही, पापणी शक्यतो लववावयाची नाही, ही शिक्षाच होती. छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या मानेमागे एक लोखंडी चिमटा उभा करीत. तो चित्रात दिसत नसे, पण डोके जागच्या जागी धरून ठेवी. हसू इतका वेळ कोणाला धरून ठेवता येणार? म्हणून चेहरे गंभीर झाले. आणि पुढे वेळ कमी झाल्यावरही, फोटोसाठी गंभीरच बसावयाचे असते, हा शिष्टाचार होऊन बसला. ओटीवरच्या पणजोबांच्या फोटोला कदाचित एक-दोन सेकंदच लागले असतील. पण त्यांच्या बैठकीत त्या लोखंडी चिमट्याची आठवण होती.

हिंदुस्थानातही ही कला लवकर आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय केला. एखाद्याचा चेहरा त्याच्या मागे उरावा ही गोष्ट तोवर राजेरजवाड्यांपुरती होती. चित्रकार पदरी ठेवणे सामान्यांच्या आवाक्यातले नव्हते. मोठ्या तोंडाच्या भिंगाने तो मान हळूहळू वकिलाला, व्यापाऱ्याला, शाळामास्तराला दिला.

पेट्झव्हालच्या वाट्याला मात्र समाधान आले नाही. भिंगाबद्दल त्याला एकदाच २००० गुल्डन मिळाले. पक्का लेखी करार झालेला नव्हता. भिंग जगभर खपू लागले तसे कारखानदाराशी त्याचे बिनसले. १८४९ मध्ये फोइग्टलेंडरने ऑस्ट्रियाबाहेर ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला आणि तंटा विकोपाला गेला. १८५९ मध्ये पेट्झव्हालच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरील त्याची हस्तलिखिते नष्ट झाली. त्यानंतर त्याने या विषयाकडे पाठ फिरविली. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा ज्यांचे चेहरे त्याच्या गणिताने टिकून राहिले होते त्यांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असेल.

त्याच्या भिंगातही एक उणीव होती. मध्यभागी चित्र विलक्षण रेखीव येई, पण कडांकडे ते विरघळत जाई. कारण भिंगातून पडणारी प्रतिमा सपाट नसून वाटीसारखी वाकलेली असे आणि पत्रा तर सपाट. छायाचित्रकारांनी प्रयोगाने यातून वाट काढली: चेहरा मधोमध घ्यावा आणि कडा लंबगोल चौकटीखाली झाकाव्यात. गंमत अशी की, प्रतिमा सपाट पडण्यासाठी काचांचे गुणधर्म कसे असावेत, याचा नियम खुद्द पेट्झव्हालनेच १८४३ मध्ये प्रसिद्ध केला होता. नियम तयार होता. तो पाळू शकेल अशी काच तेव्हा नव्हती. जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे आणि ओटो शॉट यांनी १८८० नंतरच्या दशकात काचेत बेरियमसारखी द्रव्ये मिसळून नव्या जातीच्या काचा केल्या आणि १८९० मध्ये पाउल रुडोल्फने कडेपर्यंत रेखीव चित्र देणारे भिंग सिद्ध केले. नियम आणि काच यांची गाठ पडण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

आता भिंग पुरेसे उदार झाले होते. पण कॅमेरा अजून ओझ्याचा होता. येथे एका दमेकरी माणसाचे ऋण मानले पाहिजे. वेट्झलार येथील लाइट्झ या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा यंत्रकार होता. त्याला भटकण्याची आवड. पण काचेच्या मोठ्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन टेकड्या चढताना त्याला धाप लागे. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाच्या फितीवर चालणारा मुठीएवढा कॅमेरा घडविला. सिनेमाचे भिंग त्याला लावून पाहिले तर ते पुरेना. कारण ते निम्म्या आकाराच्या चौकटीसाठी केलेले होते. पुढे त्याचा सहकारी माक्स बेरेक याने त्या कॅमेऱ्यासाठी खास भिंग आखून दिले. बारनाकने आपला नमुना कोठे पारखला? आपल्याच गावात, रस्त्यांवर आणि घरातल्या मुलांवर. १९२० मध्ये वेट्झलारला पूर आला तेव्हा पाण्यात उभ्या गल्ल्यांतून. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा लायका या नावाने लोकांपुढे आला; १९३० पासून त्याची भिंगे बदलताही येऊ लागली. पॅरिसच्या रस्त्यावरून पुसला गेलेला चालता माणूस आता चालता चालताच पकडला गेला.

याच सुमारास, १९२४ मध्ये, एर्मानॉक्स नावाचा एक कॅमेरा निघाला होता. लुडविग बेर्टेलेने आखलेल्या त्याच्या भिंगाचा आकडा अवघा २ होता. एरिख झालोमोन याने तो घेऊन दिव्यांच्या उजेडात न्यायालये टिपली, परिषदांच्या दालनांत रात्री उशिरा पेंगुळलेले मुत्सद्दी टिपले. राज्यकर्ते आजवर बैठक मारून, छाती काढून फोटोत येत; झालोमोनच्या चित्रांत ते जांभया देताना, कानाशी लागताना, वैतागताना दिसले. भिंगाचा हा नवा गुण सत्ताधाऱ्यांना फारसा सोयीचा नव्हता. झालोमोन ज्यू होता. १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. त्याने टिपलेले ते चेहरे आजही शिल्लक आहेत.

एक शेवटची गोष्ट. इंग्लंडमध्ये १८९० नंतरच्या काही वर्षांत डेनिस टेलर या भिंगतज्ज्ञाच्या ध्यानात आले की, हवेने डाग धरलेली जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. असे आठ पृष्ठभाग असले तर चौथ्या हिश्शाहून अधिक वाया जातो. काळाने चढविलेला पातळ थर हे नुकसान वाचवीत होता. झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये निर्वात पेटीत असाच थर मुद्दाम चढविण्याची रीत शोधली, आणि त्यानंतर अनेक काचांची भिंगे करण्याची मोठी अडचण दूर झाली. ज्याला लोक डाग समजून पुसून टाकीत होते, त्यातच पुढची वाट होती. फक्त कोणी तरी ते भिंग फेकून न देता वापरून पाहावे लागले.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या दूरध्वनीत दोन-तीन भिंगे असतात; हरभऱ्याहून लहान, बहुधा प्लास्टिकची, आणि पेट्झव्हालच्या भिंगाहून उदार. त्यांचे गणित करावयास आता तोफची लागत नाहीत, ते संगणक करतात. आणि तरीही २०१३ मध्ये पेट्झव्हालचे ते पितळी भिंग नव्याने घडवून विकले गेले, आणि हौशी मंडळींनी ते उत्साहाने घेतले. कशासाठी, तर ज्या विरघळणाऱ्या कडा एकेकाळी चौकटीखाली झाकाव्या लागत, त्या पाहण्यासाठी. आता कोणीही पुसला जाण्याची भीती उरली नाही. म्हणूनच त्या जुन्या उणिवेत सौंदर्य दिसू शकते.

पण पुसले जाण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि ते भिंगात नसते. पॅरिसच्या त्या कोपऱ्यावरचा पॉलिशवाला पुसट राहिला तो भिंगाच्या दोषाने. आज भिंग निर्दोष आहे. तेव्हा आपल्या घरात सतत वावरणारी, सतत कामात असणारी माणसे जर आपल्या चित्रांत कोठेच नसतील, तर दोष आपल्या नजरेचा म्हणावा लागेल. नवे भिंग हाती आले तर ते पहिल्यांदा त्यांच्यावरच रोखून पाहावे. आणि पणजोबांच्या तसबिरीपुढून जाताना त्यांच्या कठोर मुद्रेला भिऊ नये. ते हसू दाबून बसले आहेत, एवढेच.