जात्यावरची ओवी आणि तिचे अनेक गळे

आज बोलायचे आहे ते जात्यावरच्या ओवीविषयी. त्यातही शब्दांविषयी कमी आणि चालीविषयी अधिक. संगीताचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे वाचन रात्री युनियनच्या कचेरीत झाले. परंतु ओवी हे कामाचे गाणे आहे आणि काम हा आमचा जन्माचा विषय, एवढ्याच अधिकारावर बोलतो.

आपली हिंजवडी मुळशी तालुक्यातली. आज जेथे संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, तेथे शेते होती आणि पहाटे घरोघरी जाती फिरत. ते गाणे किती जुने? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी झाली इ. स. १२९० मध्ये. म्हणजे पोथीत जाण्याआधी ओवी मुसळाजवळ होती. पंडितांनी ही गोष्ट सांगितली आहे, पण जरा हळू आवाजात!

आता जाते फिरते कसे ते पाहा. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओढायचे, दुसरीने लोटायचे, आणि मधून मधून मूठभर दाण्यांची वैरण घालायची. एक ओवी उचलते, दुसरी झेलते. वैरण घातली की दगड जड होतो. तेवढ्यापुरता सूर लांबतो, अर्धा चरण पुन्हा म्हटला जातो, एखादा ‘गं बाई’ मध्ये येतो. दाणा सरत आला की जाते हलके, गाणेही हलके. ज्वारीची ओढ वेगळी, नाचणीची वेगळी. म्हणून चाल एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तीच राहत नाही. मुलगी माहेरची चाल घेऊन सासरी जाते, तेथे सासूबरोबर खुंटा धरते, आणि दोन चालींची मिळून तिसरी होते. शब्दांचेही तसेच. भावाचे नाव, गावाचे नाव, देवाचे नाव ज्याचे त्याचे. चालीला खेड्यातल्या बायका ‘गळा’ म्हणतात. एकीचा गळा दुसरीला लागेलच असे नाही, आणि न लागला म्हणून कोणी कमी ठरत नाही.

मग गावात पिठाची गिरणी आली. तिला आम्ही दूषण देणार नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा, तीही देणार नाही. पण जाते थांबले आणि चाल निराधार झाली. शब्द मात्र वाचले, कारण ते लिहून घेता येत होते. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे मोठे काम केले. हे ऋण मोठेच आहे. तथापि छापलेली ओवी म्हणजे अंगण झाडून नेलेली रांगोळी. ठिपके कळतात, हात कळत नाही.

दूरचे एक उदाहरण देतो. आयर्लंडात फिडलवर, म्हणजे आपल्या व्हायोलिनवर, नाचासाठी ‘रील’ नावाच्या चाली वाजवतात. एकच रील जिल्ह्याजिल्ह्यांत निराळी, नावेही निराळी. शिकागोचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील या आयरिश गृहस्थांनी १९०३ साली १८५० चाली स्वरलिपीत छापल्या. पोलिसाने गाणी पकडली हे नवलच! त्या पुस्तकाने कित्येक चाली वाचल्या. पण जे छापले तेच खरे, असे मानणारेही त्याबरोबर निर्माण झाले.

आपल्याकडे निराळी वाट हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी धरली. मुळशी-मावळच्या डोंगरी गरिबांची संघटना बांधता बांधता हे काम उभे राहिले, म्हणून आम्हांला त्याची विशेष आपुलकी. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. एका आशयाच्या दहा ओव्या मिळाल्या तर दहाही ठेवल्या, गाणारीच्या नावागावासह. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी गळेही ध्वनिमुद्रित केले. शुद्ध कोणती, हा निवाडा कोणी केला नाही.

तो निवाडा आम्ही केला. काही वर्षांपूर्वी येथल्या इमारतींत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बायकांची सभा होती. कोणी परभणीकडच्या, कोणी लातूरच्या, काही इथल्याच मुळशीच्या. सभेआधी त्या गात होत्या. ओवी एक, पण चाली तीन. आम्हांला तो गोंधळ वाटला. पुढच्या सभेला आम्ही एका पुस्तकातून ‘बरोबर’ ओव्या काढून छापून नेल्या आणि सगळ्यांनी एका चालीत म्हणाव्या असे सुचवले. बायकांनी कागद घेतले. कोणी गायिले नाही. पगाराच्या मागणीवरही त्या दिवशी कोणी तोंड उघडले नाही, आणि आम्ही दोष त्यांच्या भीतीला दिला.

सभा उठल्यावर मुळशीची एक म्हातारी म्हणाली, “दादा, ह्यात माझ्या भावाचं नाव कुठाय?”

त्यानंतर आम्ही कागद नेले नाहीत. पुढच्या खेपेस तीच आधी गायिली, परभणीच्या बाईने आपल्या गळ्यात झेलले, अर्धा चरण लांबवून, आणि लातूरच्या दोघी मध्येच आपले गाव घालून मोकळ्या झाल्या. मग एकीने पगारातली कपात किती, ते सांगायला सुरुवात केली.