आरोग्य-मानव्यविद्या : विद्यापीठीय अभ्यासक्रमांची उभारणी

आजार, अपंगत्व, वार्धक्य आणि मृत्यू यांचा साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान व कला यांच्या अंगाने विचार करणारे अध्ययनक्षेत्र. आधी त्याला वैद्यकीय मानव्यविद्या म्हणत. परिचारिका, घरी शुश्रूषा करणारी माणसे आणि खुद्द रुग्ण यांनाही त्यात जागा हवी, म्हणून नॉटिंगम विद्यापीठातील पॉल क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘आरोग्य’ हा व्यापक शब्द पुढे आणला.

असा अभ्यासक्रम सुरू करणे फारसे कठीण नाही. उत्साही डॉक्टर दोन-चार भेटतातच. तो टिकतो मात्र शिक्षकपदांवर. अमेरिकेत हर्शी येथील पेन स्टेट वैद्यक महाविद्यालयाने १९६७ मध्ये मानव्यविद्यांचा स्वतंत्र विभागच काढला. गॅल्व्हेस्टन येथे १९७३ मध्ये या विषयाची संस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये तिने पीएच.डी. सुरू केली, म्हणजे पुढचे शिक्षक घडवण्याची सोय झाली. कोलंबिया विद्यापीठात कथनाधारित वैद्यकाची (रुग्णाच्या कथनातून आजार समजून घेण्याची) पदव्युत्तर पदवी २००९ मध्ये आली. त्यामागच्या रीटा शॅरन स्वतः डॉक्टर आणि इंग्रजी साहित्याच्या पीएच.डी. दोन्ही विद्या एकाच व्यक्तीत असणे हा योग झाला. त्यावर विद्यापीठाचे नियोजन उभे राहत नाही.

भारतात दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉक्टरांनी २००९ मध्ये वैद्यकीय मानव्यविद्या गट स्थापन केला. पुढे २०१९ च्या एम.बी.बी.एस. तुकडीपासून वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग देशभर सक्तीचा झाला. तास मिळाले, पण शिकवणारे बहुधा औषधशास्त्राचे किंवा शल्यक्रियेचेच प्राध्यापक. साहित्याचा वा इतिहासाचा माणूस आलाच तर पाहुणा म्हणून. सक्तीमुळे हा विषय केवळ लॉगबुकात सह्या मिळवण्यापुरता उरेल, हा आक्षेप म्हणूनच खोटा नाही. पण दोष सक्तीपेक्षा शिक्षकांच्या अभावाचा आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. येल विद्यापीठातील २००१ च्या प्रयोगात चित्रे बारकाईने पाहायला शिकलेल्या विद्यार्थ्यांचे रुग्णनिरीक्षण सुधारले. मात्र असे परिणाम वर्षानुवर्षे टिकतात का, हे तपासणारे अभ्यास मोजकेच आहेत. त्यावरून विषय निरुपयोगी ठरत नाही. दीर्घकाळ मोजमाप करायला दीर्घकाळ चालणारा विभाग लागतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी नसतो. शिवाय नीतिशास्त्राची किंमत केवळ गुणपत्रिकेवर ठरवणे हेच थोडे विचित्र आहे. अभ्यासक्रम आधीच गच्च भरलेला आहे, ही तक्रार अधिक रास्त; तिच्यावर उपाय म्हणजे स्वतंत्र विषयाचे ओझे न वाढवता वॉर्डातील अध्यापनातच दुसऱ्या विद्येच्या शिक्षकाला उभे करणे.

महाराष्ट्रात अडचण रचनेचीच आहे. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली, मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विभाग मुंबई, पुणे, नागपूर अशा जुन्या विद्यापीठांत राहिले. येथे नवा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांच्या यादीआधी दोन विद्यापीठांत सामायिक शिक्षकपदाचा करार करून घ्यावा.