खांदेरीची वाट

नाहूरहून पहाटेची गाडी धरून आम्ही मुंबईस उतरलों, गेटवेवरून लाँचीनें मांडव्यास आलों आणि तेथून थळच्या किनाऱ्यावर जाऊन होडीची वाट पाहत बसलों. समोर खांदेरीचें बेट दिसत होतें. होडीवांचून तेथें जाण्यास दुसरा मार्ग नाहीं. "वारा पडूं द्या, मास्तर, मग निघूं," तांडेल म्हणाला.

बेट लहान, दोन टेकड्यांचें व खडकाळ. शिवाजीमहाराजांनीं तेथें १६७९ च्या पावसाळ्यांत किल्ल्याचें काम आरंभिलें व तें मायनाक भंडारी यांजकडे सोंपविलें. मुंबईच्या दाराशीं हें ठाणें उभें राहिल्यास आपल्या प्रत्येक जहाजावर मराठ्यांची नजर राहील, हें इंग्रजांनीं ओळखलें. त्यांनीं प्रथम बेटावर हक्क सांगितला, मग नाकेबंदी केली.

विद्यार्थिदशेंत इंग्रजी ग्रंथांवरून आम्ही एवढेंच शिकलों कीं, १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं मिंचिन व केग्विन यांच्या 'रिव्हेंज' जहाजानें दौलतखानाचें आरमार पिटाळून लाविलें. हें खोटें नाहीं. इंग्रजांचें एक गुराब त्या दिवशीं मराठ्यांच्या हातीं लागलें, तरी माघार मराठ्यांनाच घ्यावी लागली. परंतु लढाई जिंकूनहि इंग्रजांस बेट कां मिळालें नाहीं, हा प्रश्न आम्हांस सुचला नाहीं. आणि पुढें तीस वर्षें आम्हींहि वर्गांत तोच धडा शिकविला.

त्याचें उत्तर तांडेलाच्या बोलण्यांत होतें. इंग्रजांच्या जड जहाजांस वारा व खोल पाणी लागे. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यांतूनहि चालत. रात्रीं त्या किनाऱ्यावरून निघत आणि पहाऱ्यांतून निसटून धान्य, दारूगोळा व माणसें बेटावर पोंचवीत. समुद्रावर कांहींहि होवो, तटाचें काम थांबलें नाहीं. अखेर १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं वेढा उठविला व समेट केला. सिद्दी कासमनें शेजारची उंदेरी बळकावली. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. १७१८ मध्यें मुंबईचा गव्हर्नर बून यालाहि ती कान्होजी आंग्र्यांकडून घेतां आली नाहीं.

आज बेटावर १८६७ चें दीपगृह आहे, कोळ्यांच्या श्रद्धेचा वेताळ आहे. १९९८ पासून बेटास कान्होजींचें नांव आहे, आणि २०२५ मध्यें खांदेरी जागतिक वारशाच्या यादींत आली. हें योग्यच झालें. मात्र त्या रात्रींच्या वल्हेकऱ्यांचीं नांवें आम्ही वाचलेल्या एकाहि ग्रंथांत आम्हांस आढळलीं नाहींत.

परततांना होडीवाल्यास त्याचें भाडें दिलें, तेव्हां मनांत आलें कीं आपलें देणें याहून मोठें आहे. येत्या सत्रांत हा धडा आम्ही 'रिव्हेंज'पासून नव्हे, थळच्या किनाऱ्यापासून आरंभणार आहों.