दूरच्या यंत्राची खिडकी

आपल्या मेजावरील संगणक एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, शेकडो कोसांवरचा दुसरीवर. तरीही त्या दूरच्या यंत्राचा पडदा आपल्यापुढे उमटतो आणि आपण त्यावर काम करू लागतो. भिन्न प्रकृतीच्या यंत्रांचा हा स्नेह कसा जुळला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

उज्जैनकरांना यातले तत्त्व अपरिचित वाटू नये. प्राचीन ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारी रेखा मध्यरेखा मानली जाई. गावोगावचा सूर्योदय निराळा. पण देशांतराचा संस्कार केला की सर्वांचे गणित एकमेकांशी जुळे. कोणालाही आपले गाव सोडावे लागत नसे. एक सामाईक संकेत तेवढा मान्य करावा लागे. जयसिंहाने तेथे उभारलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत झाला.

आता त्याच शहरात माधवनगरच्या अंगाने रेल्वे स्थानकात शिरणाऱ्या प्रवाशाकडे पाहा. संगणकीय आरक्षण देशात आले, तेव्हा खिडकीवरील कारकुनापुढे केवळ अक्षरे दाखविणारा पडदा असे. खरे यंत्र दूरच्या महानगरात. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ साली एका जाळ्यात गुंफली गेली. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली. माधवनगरातील घरी विंडोजचा संगणक आणि आरक्षणाच्या केंद्रात ओपन व्हीएमएस ही सर्वस्वी निराळी प्रणाली. परंतु प्रवाशाला त्याची वार्ताही नसे.

तिकिटाला एक अर्ज पुरतो. दूरच्या यंत्राचा संपूर्ण पडदाच हवा असेल तर काय करावे? हा प्रश्न अमेरिकेतील एमआयटी या संस्थेला पडला. १९८३ साली तेथे 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची. विद्यार्थ्याने कोठेही बसावे आणि काम करावे, ही अपेक्षा. १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी 'एक्स विंडो' पद्धती रचली. तिची युक्ती अशी की, दूरचे यंत्र चित्र पाठवीत नाही. चित्र कसे काढावे याच्या सूचना पाठविते. येथे रेघ ओढा, तेथे अक्षर लिहा! रेखाटनाचे काम जवळचे यंत्र करते. म्हणूनच या पद्धतीत जवळच्या पडद्यालाच 'सर्व्हर' म्हणतात, हे नवख्याला उलटे वाटते. मात्र या सूचनांची ये-जा फार. संथ तारेवर ती कंटाळवाणी होई.

इंग्लंडात केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेने उलट वाट धरली. तिच्या 'व्हीएनसी'त दूरच्या पडद्याचा जेवढा भाग बदलला, तेवढ्याच भागाचे चित्र धाडले जाते. जवळच्या यंत्राने ठिपके जागेवर मांडावेत, बस्स! मग ते यंत्र कोणत्याही जातीचे असो. शिवाय दुवा तुटला तरी काम दूर सुरक्षित राहते. दुसऱ्या यंत्रावरून ते सोडल्या जागी पुन्हा हाती येते. १९९८ साली ही रचना मूळ आज्ञावलीसह सर्वांना विनामूल्य देण्यात आली.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आपला आरडीपी हा संकेत आणला. तो कार्यक्षम होता, परंतु त्याचे पूर्ण नियम जाहीर नव्हते. मॅथ्यू चॅपमन यांनी बाहेरूनच त्याचा माग काढून 'आरडेस्कटॉप' लिहिला, तेव्हा लिनक्सच्या वापरकर्त्यांना विंडोजच्या सर्व्हरचे दार उघडले. कंपनीने तपशील प्रसिद्ध केले ते २००८ साली.

या इतिहासाचे तात्पर्य व्यवहाराचे आहे. संकेत खुला असेल, तर लहान गावच्या शाळेतील जुना, स्वस्त संगणकही दूरच्या समर्थ यंत्राची खिडकी बनू शकतो. संकेत कुलूपबंद असेल, तर त्याच कंपनीचे यंत्र विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आपल्या शाळा, ग्रंथालये आणि नगरपालिका जेव्हा संगणकाची खरेदी करतील, तेव्हा त्यांनी किमतीबरोबर हाही प्रश्न विचारावा की, या यंत्राशी परक्या यंत्राने बोलावयाचे झाल्यास त्याचे नियम कोठे छापलेले आहेत?