त तणमोराचा

गेल्या श्रावणात मामाकडे गेले होते. गाव अकोला जिल्ह्यातलं, बार्शीटाकळी तालुक्यातलं. रात्री लाइट गेली, मोबाइलची बॅटरी संपत आली, मग आम्ही भावंडांनी वहीची पानं फाडून नाव-गाव-प्राणी-वस्तूचा डाव मांडला. अक्षर आलं 'त'. नाव तन्वी, गाव तेल्हारा, वस्तू तवा. प्राण्याच्या रकान्यात आम्ही तिघांनी 'तरस' लिहिलं, म्हणजे प्रत्येकी पाच गुण. आठवीतल्या मामेबहिणीनं मात्र लिहिलं 'तणमोर' आणि एकटीचं उत्तर म्हणून दहा गुण मागितले.

"असा प्राणीच नसतो," अमरावतीत इंजिनिअरिंग करणारा मावसभाऊ म्हणाला.

बाहेर खाटेवर पडलेला मामा तिथूनच बोलला, "काऊन नसते? माह्या बापानं पाह्यला हाये. अन् तुमाले लहान-लहान 'त' पायजेत त गंज हायेत. तितर लिहा, तुडतुडा लिहा."

पक्षी आणि किडा प्राण्याच्या रकान्यात चालतो का, यावर पुढे अर्धा तास भांडण झालं. मी मात्र त्या तीन नावांशीच अडकले. तितर, तणमोर, तुडतुडा. तिघंही ओंजळीत किंवा फार तर कुशीत मावतील एवढे. अमरावतीला परत आल्यावर मी त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि लक्षात आलं, की या तीन 'त'मध्ये आपल्या वऱ्हाडाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तितरापासून सुरू करू, कारण नाव म्हणून तोच सगळ्यात जुना. संस्कृतात तो तित्तिरि. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेली विद्या शिष्यांनी तितर होऊन टिपली, अशी कथा आहे, आणि त्यावरून वेदाची एक शाखाच तैत्तिरीय म्हणून ओळखली जाते. नाव बहुधा त्याच्या ओरडण्यावरूनच पडलं असावं. सकाळी धुऱ्यावर उभं राहिलात तर करडा तितर स्वतःचंच नाव घेत ओरडतोय असं वाटतं. त्याला झुडूप, धुऱ्यावरचं गवत, पडीक तुकडा एवढं पुरतं. म्हणून तो अजून आहे.

तणमोराचं तसं नाही. माळढोकाच्या कुळातला हा सगळ्यात छोटा पक्षी, वजन अर्धा ते पाऊण किलो. पावसाळ्यात नराला काळाभोर पिसारा येतो, डोक्यामागे लांब तुरे फुटतात, आणि मादीचं लक्ष वेधायला तो उंच गवतातून उभा वर उसळतो, पुन्हा खाली जातो. दिवसातून शेकडो वेळा. या उडीसाठी मोकळा, गवताचा माळ लागतो. अंडीही त्याच गवतात, जमिनीवर. नावातच आहे बघा, तणातला मोर. इंग्रज शिकारी त्याला 'लीख' म्हणत आणि नेमके उड्या मारणारे नर टिपत, कारण तेव्हा ते लांबूनही सहज दिसत. पण बंदुकीनं जेवढे गेले त्याहून जास्त माळ गेल्यामुळे गेले.

माळ कसा गेला? १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. आठ वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस आटला. लँकेशायरची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. अमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीचं नाव झालं, 'ऊमरा'. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. सरकी काढायचे जिन, गाठी बांधायचे प्रेस गावोगाव उभे राहिले.

कापसाला जमीन लागते. महसुलाच्या वहीत ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक, आणि पडीक जमीन म्हणजे बुडालेला सारा. गवताचा माळ हे गुरांचं, पक्ष्यांचं, गुराख्यांचं घर आहे, हे लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. थोडी जमीन गावच्या गुरांसाठी राहिली. तीच आजची ई-क्लास. आमच्याकडे तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. आज त्यावरही कुठे अतिक्रमण, कुठे सरकारी इमारत, कुठे खड्डे खणून लावलेली झाडं. माळावर झाडं लावणं हे पुण्याचं काम, असं मलाही वाटायचं. तणमोराला झाडांचं रान नको असतं, हे आता कळलं.

या माळाची अक्षरं खरी वाचता येत होती ती फासेपारध्यांना. फास लावून तितर, लावा, ससा धरणारे हे लोक. कुठल्या गवतात कोण बसतं, कोणत्या महिन्यात कोण ओरडतं, हे त्यांना तोंडपाठ. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का बसत गेला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पक्ष्यांसाठी तो गरजेचाच होता, पण ज्यांचं पोट फाशावर होतं त्यांना दुसरं काही हातात न देता आला. अलीकडे अकोला-वाशीम भागातले काही फासेपारधी 'संवेदना' या संस्थेसोबत माळ राखतात, तणमोराची नोंद ठेवतात. ज्या नजरेनं पिढ्यानपिढ्या फास लावले, तीच नजर आता पक्षी शोधायला कामी येते. जगात उरलेले तणमोर फार तर हजार-बाराशे, तेही जवळपास सगळे भारतातच.

आता तिसरा 'त'. तुडतुडा. हिरवट, तांदळाच्या दाण्याहून लहान. कपाशीचं पान उलटवलंत की खालच्या बाजूला दिसतो, बोट नेलं की तिरका पळतो. तुडतुडीत म्हणून तुडतुडा. रस शोषतो, मग पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि पान खाली वळतं. आपल्या जुन्या देशी कपाशीला त्याचा फारसा त्रास नव्हता. गिरण्यांना लांब धागा हवा म्हणून अमेरिकन जातीची कपाशी आली, १९७० मध्ये संकरित वाण आले, आणि तुडतुड्याला मेजवानी मिळाली. पानावर दाट लव असेल तर त्याला अंडी घालणं जड जातं. पण बियाणं निवडताना लव कोण बघतो? २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीचं विष बोंडअळीसाठी. तुडतुड्याचं त्यानं काहीच बिघडत नाही. म्हणून पंप पाठीवरच राहिला.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्याच हंगामात फवारून आल्यावर मामाला दोन दिवस धूसर दिसत होतं. घरात कुणी त्यावर बोलत नाही. मामी अजूनही पंप भरताना त्याच्या तोंडाला दुपट्टा स्वतः बांधते.

म्हणजे हिशेब असा. गवत गेलं तसा तणमोर गेला, कापूस आला तसा तुडतुडा वाढला, आणि तितर धुऱ्यावर सरकला. या सगळ्यात एक शब्दही बदलला. 'तण'. पक्ष्याच्या नावात तो गवत आहे, घर आहे. आज गावात 'तण' म्हटलं की दुसरा शब्द तयारच असतो, 'तणनाशक'. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. देशभर बातमी झाली.

मला त्या शेतकऱ्यांना नावं ठेवता येत नाहीत. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि मामीची कंबर आता वाकायला नाही म्हणते. अमरावतीत बसून तण वाचवा म्हणणं सोपं आहे. पण शेतातलं तण आणि माळावरचं तण वेगळं, एवढं तरी आपल्याला सांगता यायला हवं. कापसात गवत नको, कबूल. ई-क्लासवर तरी असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला आणि मामेबहिणीला ई-क्लासवर घेऊन गेला होता. गवत घोट्याएवढं, मध्ये ट्रॅक्टरची चाकोरी, एका कडेला कुणीतरी तूर पेरलेली. तितर ओरडत होता. मामानं हात करून दाखवलं, "माह्या बापानं तणमोर पाह्यला तो अथीच. तवा गवत कमरेइतकं होतं."

आम्ही तासभर थांबलो. काही उसळलं नाही. परत येताना मामेबहीण म्हणाली, "ताई, मंग माहे दहा गुण का नाई?"

मी दिले. पण पुढच्या वेळी 'त' आला तर हे उत्तर दोघातिघांचं निघावं आणि तिला पाचच मिळावेत, असं वाटलं.