नोंदवहीतलं नाव आणि सरहद्दीपलीकडची परीक्षा

घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर किंवा मुलुंडचं अगरवाल रुग्णालय घ्या. अशा ठिकाणी दहा वर्षं रात्रपाळ्या केलेली परिचारिका लंडनला उतरली, की पहिल्या दिवशी ती कायद्यानं परिचारिका नसते. शीर शोधून सलाइन लावणारा हात तोच असतो, पण तिथल्या नोंदवहीत तिचं नाव नसतं. ते चढेपर्यंत ती फक्त परीक्षार्थी. आखाती देशांची वाट आपल्या कोकणी आणि मुंबईकर घरांना जुनी आहे. त्या वाटेनं मुलीला पाठवायचा विचार करणाऱ्या आईवडिलांना या परीक्षेचा इतिहास ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

आधी ही नोंदवही आली कुठून ते पाहू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. पण परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांचा विरोध होता. सेवाभाव आणि चारित्र्य परीक्षेत मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. उलट एथेल बेडफर्ड फेनविक म्हणत, की नोंदणी नसेल तर शिकलेली आणि न शिकलेली यांत रुग्णानं फरक कसा करायचा? हा वाद तीस वर्षं चालला. न्यूझीलंडनं 1901 साली कायदा केला, ब्रिटननं 1919 साली. ब्रिटनच्या नोंदवहीत पहिलं नाव फेनविकबाईंचंच लागलं.

मुंबईची कहाणी याला समांतर आहे. 1891 साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. मुंबई प्रांताचा परिचारिका नोंदणी कायदा मात्र 1935 साली झाला. देशभराच्या शिक्षणाचा दर्जा ठरवणारा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा 1947 चा, तर आजची महाराष्ट्राची नोंदणी 1966 च्या कायद्याची. म्हणजे केरळहून अंधेरीला नोकरीसाठी आलेल्या परिचारिकेलाही महाराष्ट्राच्या कौन्सिलचा दरवाजा वाजवावा लागतो. प्रत्येक नोंदवही आपल्या हद्दीतल्या रुग्णांसाठी बनलेली असते. हुनर हद्द ओलांडतो, नोंद ओलांडत नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

अमेरिकेत या अडचणीनं फार जणींचं नुकसान केलं. 1960 आणि 70 च्या दशकांत तिथं फिलिपीन्स, भारत, कोरियातून परिचारिका गेल्या. तिथल्या राज्यांच्या परीक्षेत त्यांतल्या पुष्कळ जणी नापास झाल्या आणि मदतनीस म्हणून कमी पगारावर राबल्या. शेवटी 1977 साली परदेशी परिचारिकांची कागदपत्रं आणि तयारी त्यांच्या मायदेशीच तपासणारी एक संस्था स्थापन झाली. आजची ‘एनक्लेक्स’ परीक्षा 1982 ची; 1994 पासून ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. ही परीक्षा अमेरिकेच्या भूमीबाहेर पहिल्यांदा झाली 2005 साली, लंडन, हाँगकाँग आणि सोलमध्ये. पुढच्या वर्षी भारताचा नंबर लागला. आज ती मुंबईत बसून देता येते.

ब्रिटननं 2014 साली दोन टप्पे केले. पहिली परीक्षा संगणकावर, मायदेशात. दुसरी ‘ऑस्की’, तिथं जाऊन. ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली डंडी इथं डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांसाठी मांडली होती. आता त्यात परिचारिकेसाठी दहा टेबलं असतात आणि प्रत्येक टेबलावर ठरावीक वेळात एक काम. आपल्याकडे वॉर्डात गर्दी असते. “आजी, हात द्या” म्हणून इंजेक्शन देऊन होतं. तिथं आधी स्वतःचं नाव सांगायचं, रुग्णाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची, ॲलर्जी विचारायची, परवानगी घ्यायची, मगच औषध. यात आपल्या परिचारिकेचा अपमान नाही. चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे. पण या पायऱ्या तोंडानं बोलून दाखवायची सवय नसेल, तर निष्णात बाईही नापास होते. त्या नापाशीवरून तिचं कौशल्य मोजू नये.

दुसरी भिंत भाषेची. ब्रिटनमध्ये आयईएलटीएस चालायचीच. 2017 पासून आरोग्यक्षेत्रासाठीची ओईटीही चालते. तिच्यात रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचं पत्र लिहायचं असतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला शरीरशास्त्र इंग्रजीत पाठ असतं, पण रुग्णाची हकिकत चार सरळ परिच्छेदांत लिहायचा सराव नसतो. हा दोष माध्यमाचा नव्हे. स्वतःच्या भाषेत हकिकत मुद्देसूद लिहायला शिकलेली मुलगी ती इंग्रजीतही लिहू शकते. आपल्या शाळांत मात्र निबंध पाठ करून घेतात. तिथं आम्हा भाषाशिक्षकांचं काम बाकी आहे.

आखाती देशांत परीक्षेच्या जोडीला कागदांची पडताळणी असते. तिथं आपल्या घरांची एक खास पंचाईत होते. दहावीच्या सनदेवर ‘शेख’ आधी, पासपोर्टवर नंतर. लग्नानंतर तिसरंच नाव. हे शाळेतच एकसारखं करून घेतलं, तर पुढचे महिने वाचतात.

राहिले दलाल. परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी वाढल्यावर केंद्र सरकारनं 2015 साली नियम केला, की 18 देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. सुरुवातीला अशा दोनच संस्था नेमल्या गेल्या, नोर्का रूट्स आणि ओडेपेक. दोन्ही केरळच्या. केरळनं आपल्या मुलींच्या मागे सरकार उभं केलं होतं. अमेरिकेतल्या त्या पहिल्या पिढीच्या मागे कुणी नव्हतं, म्हणून ती मदतनीस होऊन राहिली. मुंबईतली मुलगी परीक्षेची फी, क्लास आणि कर्ज यांचा हिशेब एकटीनं करत असेल, तर तिच्या मेहनतीचं कौतुक करून भागणार नाही. तिच्यासाठीही अशी भक्कम सरकारी यंत्रणा असावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.